बिनायक सेन: खाणकामगारांच्या दवाखान्यापासून राजद्रोहाच्या खटल्यापर्यंत

डॉ. बिनायक सेन यांचं नाव देशभर पोहोचलं ते मे २००७मध्ये, छत्तीसगड पोलिसांनी त्यांना बिलासपूरला अटक केली तेव्हा. ‘डॉक्टरकी सोडून चळवळीत गेलेला माणूस’ अशी त्यांची ओळख तेव्हापासून रूढ झाली. मला ती पटत नाही. त्यांनी डॉक्टरकी सोडली नव्हती. तिचाच माग काढत ते मानवी हक्कांच्या कामापर्यंत आले होते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून त्यांनी बालरोगशास्त्राचं शिक्षण घेतलं. पुढे होशंगाबादजवळच्या रसूलिया इथे क्षयरोग्यांसाठी काम केलं आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते दल्ली-राजहरा गाठून शंकर गुहा नियोगींच्या कामगार संघटनेत दाखल झाले. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारं हे गाव. इथल्या कंत्राटी कामगारांवर जून १९७७मध्ये पोलिसांनी गोळीबार केला होता, त्यात ११ जण मारले गेले. पुढे संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचाराअभावी दगावल्या आणि आपला दवाखाना आपणच उभारायचा, असं कामगारांनी ठरवलं. वर्गणीतून आणि श्रमदानातून उभं राहिलेलं ते ‘शहीद हॉस्पिटल’ ३ जून १९८३ला सुरू झालं. नाव अर्थातच गोळीबारात गेलेल्यांचं. सेन तिथल्या सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी एक. १९९१मध्ये नियोगींची भिलाईत हत्या झाली.

नंतर पत्नी इलिना यांच्यासोबत त्यांनी ‘रूपांतर’ ही संस्था काढली आणि धमतरी जिल्ह्यातल्या बगरूमनाला इथे दवाखाना चालवला. येणाऱ्या रुग्णांमध्ये मलेरिया होता, क्षय होता. पण या सगळ्याच्या मुळाशी भूक होती. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं प्रमाण, १८.५च्या खाली असलेली कुपोषित माणसं एखाद्या समाजात इतक्या मोठ्या प्रमाणात असतील, तर तो समाज कायमच्या दुष्काळात जगतो आहे, हे ते पुन्हा पुन्हा मांडत राहिले. औषधाने न मिटणारी ही भूक जमीन, जंगल आणि मजुरीच्या प्रश्नांशी जोडलेली होती. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचं छत्तीसगडमधलं सरचिटणीसपद त्यांनी घेतलं, त्यामागे हा सगळा अनुभव होता.

जून २००५मध्ये बस्तरमध्ये ‘सलवा जुडूम’ सुरू झालं. नक्षलवाद्यांविरुद्धचा लोकांचा उत्स्फूर्त उठाव, असं सरकार म्हणत होतं. त्या वर्षअखेरीस पीयूसीएल आणि इतर संघटनांच्या पथकाने दंतेवाडा भागात फिरून दाखवून दिलं, की ही मोहीम सरकारच्या पाठबळावर चालली आहे आणि गावंच्या गावं रिकामी करून लोकांना छावण्यांत आणलं जात आहे. याच सुमारास राज्याने विशेष जनसुरक्षा कायदा आणला. एखादी संघटना बेकायदा ठरवून तिच्याशी संबंध असणाऱ्यांना शिक्षा करण्याची सोय त्यात होती; सेन यांच्यावरच्या खटल्यात तोही लावला गेला.

सेन यांच्यावरचा आरोप होता, की तुरुंगातले माओवादी नेते नारायण सान्याल यांची पत्रं त्यांनी बाहेर पोहोचवली. सान्याल यांना ते ३३ वेळा भेटले होते हे खरं. पण या भेटी तुरुंग प्रशासनाच्या परवानगीने झालेल्या होत्या. दोन वर्षांनी, मे २००९मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. २४ डिसेंबर २०१०ला मात्र रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहाखाली जन्मठेप सुनावली. खटल्यात सरकारी पक्षाने इलिना यांच्या ई-मेलमधल्या ‘आयएसआय’चा संबंध पाकिस्तानच्या गुप्तहेर संघटनेशी जोडला, ते पत्र होतं दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटला. एप्रिल २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जामीन दिला. गांधींचं पुस्तक जवळ असलं म्हणून कुणी गांधीवादी ठरत नाही, अशा आशयाची टिप्पणी खंडपीठाने तेव्हा केली. जुलैमध्ये त्याच न्यायालयाने सलवा जुडूमच्या मोहिमेत आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देणं घटनाबाह्य ठरवलं. पथकाने २००५मध्ये जे सांगितलं होतं, त्याची दखल घ्यायला साडेपाच वर्षं लागली.

या काळात इलिना वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात शिकवत होत्या, नवऱ्याच्या सुटकेसाठी झगडतही होत्या. २०२०मध्ये त्या गेल्या.

महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. ते मांडताना सरकारने ज्या राज्यांच्या कायद्यांचा दाखला दिला, त्यांत छत्तीसगड आहे.