पॉप्लर लावण्याआधी

मोठ्या बागेत लवकर उंची हवी असेल, तर पॉप्लरला तोड नाही. थंड हिवाळा, भरपूर ऊन आणि ओलावा धरणारी जमीन मिळाली, की सुरुवातीची काही वर्षे झाड वर्षाला मीटरभर, कधी त्याहूनही जास्त वाढते. पण रोप पाहायला येण्याआधी टेप घेऊन बागेत एक फेरी मारा. जातीचे नंतर बघू, आम्ही आधी अंतर विचारतो.

पॉप्लरची मुळे उथळ असतात आणि पाण्याच्या मागे फार लांबवर जातात. सांडपाण्याच्या पाइपला बारीकशी फट असली, तरी त्यातून आत शिरून जाळे धरतात. चिकणमातीत आणखी एक धोका असतो. झाड ओल शोषून घेते, माती आकसते आणि वरचा पाया खचू शकतो. म्हणून घर, पाइप आणि शेजाऱ्यांची भिंत यांपासून निदान 30 मीटर अंतर सोडा. तेवढी जागा नसेल, तर रोप विकण्यापेक्षा दुसरे झाड सुचवणे आम्हाला बरे वाटते.

रांगेसाठी बहुतेकजण लोंबार्डी पॉप्लर मागतात. उंची 20 ते 30 मीटर, घेर मात्र जेमतेम 4-5 मीटर. हे नर झाड असल्यामुळे मादी झाडांसारखा बियांचा कापूस उडत नाही. इतर जाती घेताना नर रोपच मागा. लोंबार्डीला खोडावरचा कँकर (साल कुजवणारा) रोग लवकर धरतो, शेंडे वाळतात आणि भरलेल्या रांगेत खिंडारे पडतात. शंभर वर्षांचे झाड हवे असेल, तर याच्या नादी लागू नका.

पांढऱ्या पॉप्लरच्या पानांची खालची बाजू लोकरीसारखी पांढरी असते. वाऱ्यावर अख्खे झाड रुपेरी होते. मात्र मुळांपासून मुनवे, म्हणजे नवे कोंब, इतके फुटतात, की हिरवळ सांभाळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. आमची स्वतःची आवड अस्पेन, हीही पॉप्लरचीच जात. त्याच्या पानाचा देठ चिमटीत धरून फिरवून बघा, गोल फिरत नाही, कारण तो बाजूंनी चपटा असतो. म्हणूनच जराशा झुळकीनेही पाने सळसळतात. मुनवे यालाही फुटतात, तेवढे ध्यानात ठेवा.

उघड्या मुळांची, म्हणजे मातीच्या गोळ्याशिवाय मिळणारी रोपे पानगळीनंतर, डोळे फुटण्याआधी लावा. खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळे वाळू देऊ नका. लावेपर्यंत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आधाराची काठी आखूड असावी, म्हणजे खोड वाऱ्यावर डुलत मजबूत होते. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आळे भरून पाणी द्या आणि बुंध्याजवळ गवत वाढू देऊ नका.

घराजवळ जुने पॉप्लर असेल, तर घाईने तोडू नका. चिकणमातीत झाड गेले, की माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो. आधी बांधकामाच्या जाणकाराला जागा दाखवा, मग कुऱ्हाडीचे बघू.