तबकडीवर न उतरलेलं संगीत

केशवराव भोळे हे नाव घेतलं की बहुतेकांना आधी त्यांच्या पत्नी, गायिका ज्योत्स्नाबाई आठवतात. ‘कुलवधू’ नाटकातलं ‘बोला अमृत बोला’ आठवतं आणि मग सावकाश कुणीतरी म्हणतं, “हो, त्यांचे यजमानही संगीतातलेच होते.” या यजमानांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) संगीत दिलं. त्यातलं ‘आधी बीज एकले’ तुकोबांचाच अभंग आहे असं मानणारे आजही भेटतात. ते लिहिलं शांताराम आठवले यांनी. म्हणजे गीतकार तुकोबांच्या आड गेला आणि संगीतकार पडद्यावर तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांच्या. तरी ही विस्मृती सुखाची म्हणायची, गाणं तरी उरलं. भोळ्यांचं जे काम मला सगळ्यांत मोठं वाटतं, ते ऐकायला बसलं तर ऐकू येतं भिंतीवरचं घड्याळ.

‘कुंकू’, १९३७. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेला चित्रपट. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा आणि तिने त्या लग्नाला दिलेला ठाम नकार. नीराच्या भूमिकेत शांता आपटे, वकील काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण कथेतलं माणूस खरोखर गात असेल तिथेच. शांता आपटे तर लाँगफेलोची ‘साम ऑफ लाइफ’ ही कविता चक्क इंग्रजीत गातात. मास्टर परशुरामचं ‘मन सुद्ध तुझं’ तर आजही लोकांच्या ओठांवर आहे. बाकी सगळीकडे घरातले, रस्त्यावरचे, भांड्याकुंड्यांचे आवाज, आणि ते घड्याळ.

आता कल्पना करा, त्या दिवाणखान्यातल्या प्रसंगांखाली कुणी सारंगी भरली असती. काकासाहेब एक तर खलपुरुष झाले असते नाही तर बिचारे. सारंगी आपल्याला काय वाटायला हवं ते आधीच सांगून मोकळी होते. घड्याळ तसलं काही सांगत नाही. ते काकासाहेबांचं वय मोजतं, नीराचे वाया जाणारे दिवसही मोजतं, दोघांना सारखंच. म्हणून तो म्हातारा शेवटी आपल्याला पूर्ण वाईटही वाटत नाही आणि त्याला माफही करवत नाही. असल्या निर्णयाचं श्रेय दिग्दर्शकाकडे जातं, ते रास्तही आहे. पण ज्याच्या नावापुढे ‘संगीत’ लिहिलंय त्या माणसाच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही. एवढी गाणी नेमक्या जागी बसवायची आणि मधली सगळी जागा मोकळी सोडायची, हे कामच आहे याची नोंद ठेवायला कुणाकडे रकाना नव्हता.

हे धाडस किती मोठं होतं ते कळायला थोडं मागे जायला हवं.

मूकपट तसा कधी मुका नव्हताच. पडद्यासमोर हार्मोनियम-तबला घेऊन बसलेली माणसं चित्राच्या अंगाने वाजवत राहायची. त्यांची नावं कुठल्याही जाहिरातीत नसत. मग १४ मार्च १९३१ला गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, सात गाण्यांसकट, आणि पडद्यासमोरची ती माणसं रातोरात बेकार झाली. बोलपटातलं सुरुवातीचं गाणं म्हणजे मोठी कसरत असे. चित्रण आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी, त्यामुळे वादक मंडळी झाडामागे, पडद्यामागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात दडून वाजवायची. पार्श्वगायनाची सोय १९३५मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने केली. त्याआधी संवादाखाली वेगळं संगीत घालायचं म्हणजे संवाद चालू असतानाच कुणीतरी शेजारी बसून वाजवायचं. पार्श्वसंगीत ही गोष्ट तंत्र हाती आल्यावर मिळालेली नवी चैन होती. अशी चैन हातात आली की माणूस ती पोटभर करतो. प्रभातने ती हातात असताना बाजूला ठेवली.

दुसरा वारसा संगीत नाटकाचा. तिथे संगीत म्हणजे पद. ऑर्गन, तबला, नटाची तान, आणि मग ‘वन्समोअर’. प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) याच परंपरेतून आला. गोविंदराव टेंबे यांनी त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली आणि संगीतही दिलं. भोळेही नाटकातूनच आले, पण वेगळ्या नाटकातून. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने १९३३मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं, त्याचं संगीत त्यांचं. पदांची रेलचेल टाळून मोजकी गाणी, आणि तीही प्रसंगाला धरून. मूळचे ते समीक्षक. ‘एकलव्य’ या टोपणनावाने गवयांवर लिहीत. गाण्यात काय जास्त आहे हे ज्याला कागदावर सांगता येतं, त्याला ते चित्रपटात गाळताही येत असावं. १९३४च्या ‘अमृतमंथन’पासून ते प्रभातला संगीत देऊ लागले. विष्णुपंत दामल्यांनी उभं केलेलं ध्वनिमुद्रण खातं हाताशी होतंच.

मग हे काम विसरलं का गेलं? श्रोत्यांना दोष देणं सोपं आहे, पण मला तो पटत नाही. कारण रोकडं आहे. त्या काळी चित्रपटगृहाबाहेर चित्रपटाचं संगीत घरी न्यायचं तर एकच साधन होतं, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यात गाणं मावतं. चित्रपटभर पसरलेलं, मध्येच दहा सेकंद येऊन जाणारं संगीत मावत नाही, आणि मावलं तरी विकत कोण घेणार? मग रेडिओ सिलोन आलं, १९५२पासून ‘बिनाका गीतमाला’ आली, तिथेही तबकडीच वाजणार. १९५४मध्ये फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले तेव्हा संगीतकाराचा पहिला पुरस्कार नौशाद यांना मिळाला तो ‘बैजू बावरा’तल्या एका गाण्यासाठी, ‘तू गंगा की मौज’साठी. संगीतकार म्हणजे चाली बांधणारा ही व्याख्या अशी दुकानातून, रेडिओवरून आणि व्यासपीठावरून पक्की होत गेली. जे तबकडीवर उतरलं नाही, ते चित्रपट थिएटरातून उतरला की संपलं.

या व्याख्येचा परिणाम कामाच्या वाटणीवरही झाला. मुंबईच्या स्टुडिओंत ‘बॅकग्राउंड’ हे सगळ्यांत शेवटचं काम. प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली, संकलन नुकतंच आटोपलेलं, आणि मोठा संगीतकार बऱ्याचदा पुढच्या चित्रपटाच्या गाण्यांत गुंतलेला. मग रीळ पडद्यावर लावायचं, वादकांना शिफ्टवर बोलवायचं आणि सहायकाने ते ओढून न्यायचं. पस्तीस मिलिमीटरच्या फितीचा हिशेब फुटांत असतो: सोळा चौकटींचा एक फूट, सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. दार उघडल्यापासून पत्र हातात पडेपर्यंत पंचेचाळीस फूट असतील तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा हवा, आणि तो पत्र उघडायच्या आत संपायला हवा. चाल सुचणं दैवी असेल; हा तुकडा बसवणं म्हणजे शिंप्याचं काम, आणि ते तिथल्या तिथे.

हे शिंपीकाम ज्यांनी केलं त्यांत गोव्याची माणसं फार. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली, मग मुंबईत येऊन हॉटेलांत जॅझ आणि दिवसा स्टुडिओत व्हायोलिन वाजवणारी. शंकर-जयकिशन यांच्याकडे वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा फाळणीआधी लाहोरात बँड चालवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चित्रपटांच्या वाद्यमेळाची रचना करत आणि व्हायोलिनही शिकवत. प्यारेलाल त्यांचेच शिष्य. श्रेयनामावलीत या लोकांची जागा ‘सहायक’ या शब्दाखाली, तीही असलीच तर. गोन्साल्विस १९६०च्या दशकात अमेरिकेला गेले, नंतर गावी परतून शांतपणे राहिले. १९७७मध्ये शिष्याने गुरूचं नाव एका गाण्यात घातलं आणि ते नाव देशभर गाजलं. ते एका जिवंत माणसाचं आहे हे गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. २०१२मध्ये ते वारले. सगळेच संगीतकार हे काम दुसऱ्यावर टाकत, असं मात्र नाही. जयकिशन स्वतः पार्श्वसंगीतात वाकबगार होते असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक आवर्जून सांगत. सलील चौधरी यांनी तर ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) हे दोन गाणीविरहित चित्रपट सांभाळले.

आणि आपले वसंत देसाई. कोकणातून आलेला हा मुलगा कोल्हापूरच्या प्रभातमध्ये पडेल ते काम करत, प्रसंगी पडद्यावर येत, गात घडला, आणि शांतारामांबरोबर त्यांच्या राजकमल या चित्रसंस्थेत गेला. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ किंवा ‘घनश्याम सुंदरा’ म्हटलं की त्यांचं नाव निघतं. पण ज्या चित्रपटात पडद्यावर जवळपास एकटे सुनील दत्त आहेत त्या ‘यादें’ला (१९६४) संगीत त्यांचं होतं. गुलजार यांच्या ‘अचानक’ला (१९७३) तर गाणंच नाही, म्हणजे रेडिओवर वाजवायला काहीच नाही, म्हणजे देसाईंच्या नावाने लागणाऱ्या कार्यक्रमांत ‘अचानक’ कधी येणारच नाही. दोनच वर्षांनी, २२ डिसेंबर १९७५ला, लिफ्टच्या अपघातात ते गेले.

इकडे कोल्हापूरहून पुण्याला आलेलं प्रभात बंद पडलं होतं. त्याच आवारात १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६५ ते १९८० अशी पंधरा वर्षं तिथे भास्कर चंदावरकर संगीत शिकवत होते. रविशंकर यांचे सतारीतले शिष्य. दिग्दर्शक, संकलक, ध्वनिमुद्रक होऊ घातलेल्या पोरांना चित्रपटातलं संगीत हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवायचा, ही गोष्ट आपल्याकडे नवी होती. ज्या जागेत ‘कुंकू’चं घड्याळ वाजलं तिथेच ती घडावी, हा योगायोग मला फार आवडतो.

चंदावरकरांचं नाव आपल्याकडे ‘घाशीराम कोतवाल’शी (१९७२) जोडलेलं आहे आणि ते साहजिकच. ‘सामना’तलं आरती प्रभूंचं ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ हेही त्यांचंच. पण त्यांच्या कामाचा नकाशा पाहिला तर महाराष्ट्र त्याचा एक तुकडा ठरतो. कन्नडमध्ये ‘वंशवृक्ष’ (१९७१) आणि ‘ओंदानोंदु कालदल्ली’ (१९७८), हिंदीत कुमार शहानींचा ‘माया दर्पण’ (१९७२) आणि मृणाल सेन यांचा ‘खंडहर’ (१९८४), मल्याळममध्ये ‘स्वप्नादनम’ (१९७६), ओडियात ‘माया मृग’ (१९८४), बंगालीत अपर्णा सेन यांचा ‘परोमा’. इतक्या भाषांतले दिग्दर्शक पुण्यातल्या एका सतारियाकडे यायचे ते काही हमखास चालणारी गाणी मागायला नव्हे. ‘खंडहर’मधली पडकी हवेली आठवा. तिथे सुरांची गर्दी झाली असती तर भिंती पुन्हा उभ्या राहिल्या असत्या. २००९मध्ये चंदावरकर गेले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी ‘घाशीराम’ आठवलं. बाकीचे चित्रपट एका वाक्यात ‘अनेक भाषांत संगीत दिले’ असे उरकले जातात. आपण सगळेच तसं करतो.

याच काळात मुंबईत वनराज भाटिया होते, लंडन-पॅरिसला शिकून आलेले, श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’पासूनचे साथीदार. त्यांनी संगीत दिलेला ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरचा, म्हणून आपल्याला जवळचा. भाटियांबद्दल अलीकडे बरंच लिहिलं गेलंय, तेव्हा इथे थांबतो.

पुरस्कारांना रकाना सुचायला मात्र वेळ लागला. फिल्मफेअरने पार्श्वसंगीतासाठी वेगळा पुरस्कार दिला १९९८मध्ये, विजू शाह यांना ‘गुप्त’साठी, म्हणजे पहिल्या सोहळ्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी. राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत यांची आजची विभागणी २००९च्या चित्रपटांपासून रुळली. त्या वर्षी गाण्यांसाठी अमित त्रिवेदी आणि पार्श्वसंगीतासाठी इळैयाराजा.

त्याच २००९मध्ये मराठीत ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आला. दादासाहेब फाळके पहिला मूकपट कसा करतात त्याची गोष्ट, आणि संगीत आनंद मोडक यांचं. बँकेत नोकरी करून हे सगळं करणारा माणूस. ‘चौकट राजा’, ‘कळत नकळत’, ‘मुक्ता’ यांतली त्यांची गाणी लोकांना माहीत आहेत. ‘फॅक्टरी’त त्यांना जे करायचं होतं ते पडद्यासमोर बसणाऱ्या त्या पेटीवाल्या-तबलजीचं काम होतं: फाळके धावतात, पडतात, पुन्हा उठतात, तेव्हा त्यांच्या पावलांबरोबर राहायचं, आणि प्रेक्षकाची नजर पडद्यावरून हलू द्यायची नाही. १९३१मध्ये बेकार झालेल्या माणसांची ती जागा मोडकांनी पुन्हा भरली. मोडक २०१४च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या नावाची गाणी शोधायला बसलात तर ‘फॅक्टरी’ बहुधा पहिल्या पानावर दिसणार नाही.