खोगिरातल्या ग्रंथीवर नेम

बोटातली अंगठी निघेनाशी होते, चपलेचा नंबर वाढत जातो, जुन्या फोटोशेजारी आजचा चेहरा धरला तर जबडा नि कपाळ भलत्याच माणसाचं वाटतं. हे इतकं सावकाश घडतं की घरच्यांच्या लक्षात यायलाही वर्षं जातात. पॅरिसच्या पिएर मारी यांनी 1886 साली या आजाराला ॲक्रोमेगॅली हे नाव दिलं. खरा दोष मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीतल्या गाठीचा. ती ग्रोथ हार्मोन अतोनात स्रवते, हे उलगडायला मात्र बराच काळ गेला.

क्ष-किरणांचा शोध 1895 चा. पॅरिसमध्येच आंत्वान बेक्लेर यांनी 1909 साली ते पियूषिकेच्या गाठीवर वापरून पाहिले. अडचण एकच, पण जबर: ग्रंथीच्या वर काही मिलिमीटरवरच दृष्टीच्या नसा एकमेकींना ओलांडतात. गाठ एका दमात संपवायला जावं, तर डोळे जायची भीती. म्हणून पुढे किरणांची मात्रा पाच-सहा आठवडे रोज थोडी थोडी द्यायची पद्धत पडली. हार्मोन उतरायचं, पण कधी कधी दहा वर्षांनी.

रेडिओसर्जरी हा शब्द स्टॉकहोमचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांचा, 1951 मधला. अनेक दिशांनी बारीक झोत सोडायचे. प्रत्येक झोत एकटा दुबळा, पण सगळे जिथे भेटतात तिथे एकाच बैठकीत काम होतं. फक्त नेम धरायला लक्ष्य दिसायला हवं, आणि सीटी स्कॅन यायला अजून वीस वर्षं होती. इथे पियूषिकेची जागा कामी आली. ती कवटीच्या हाडातल्या खोगिरासारख्या खोबणीत बसते आणि ते खोगीर साध्या एक्स-रेतही दिसतं. बर्कलीत जॉन लॉरेन्स यांच्या गटाने 1954 मध्ये तिच्यावर प्रोटॉनचे झोत सोडले ते स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी, म्हणजे त्या कर्करोगाला पोसणारी हार्मोन्स थांबावीत म्हणून चक्क निरोगी ग्रंथी बंद पाडायला! ॲक्रोमेगॅलीची पाळी त्यानंतर आली. साठच्या दशकात बॉस्टनमध्ये रेमंड केलबर्ग यांनी हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे प्रोटॉनना प्रचंड वेग देणाऱ्या अवाढव्य यंत्रावर, हेच उपचार सुरू केले.

सायक्लोट्रॉन काही रुग्णालयात मावणारा नव्हे. लेक्सेल यांनी किरणोत्सारी कोबाल्टचे 179 स्रोत एका शिरस्त्राणाभोवती मांडले, तोच 1968 च्या सुमाराचा पहिला गॅमा नाइफ. नाव सुरीचं, पण कापणं कुठेच नाही. जागा बधिर करून डोक्याला चार स्क्रूंनी चौकट बसवतात, एवढंच. भारतात हे यंत्र 1997 साली आलं, मुंबईत आणि दिल्लीत.

आजही पहिला मान नाकावाटे होणाऱ्या शस्त्रक्रियेचाच. तिथे हात न पोचलेली गाठ उरली, की रेडिओसर्जरी. गाठीच्या कडेला साधारण 20 ते 25 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक), तर दृष्टीच्या नसांना 8 ते 10 च्या आत. मधे दोन-तीन मिलिमीटरची फट नसेल तर हे गणित बसत नाही. आणि एका दिवसात किरण देऊन झाले तरी हार्मोन उतरायला काही वर्षं लागतातच. तोवर बहुतेकांची हार्मोन दाबणारी, दर महिन्याची इंजेक्शनं चालू राहतात. उरलेली निरोगी ग्रंथीही पुढे हळूहळू थकू शकते, त्यामुळे रक्ताच्या तपासण्या आयुष्यभराच्या.