पाणथळ भ्रमंती, खानदेशातील

पाणथळ भ्रमंती, खानदेशातील : जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील धरणांचे फुगवटे (भिंतीमागे साचून पसरलेले पाणी), बंधाऱ्यांमागचे नदीपात्र आणि जुनी तळी यांच्या काठाने, मुख्यतः हिवाळ्यात, केलेली पायी फिरती. पक्षिनिरीक्षण हा तिचा नेहमीचा हेतू असतो. खानदेशात अशा वाटांवर फलक, खुणा किंवा लाकडी पूल नाहीत. गुरे, मासेमारी करणारे भोई आणि गाळपेर (पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळातली पेर) कसणारे शेतकरी यांच्या पावलांनी जी वाट पडते, तीच फिरणाऱ्याचीही वाट. ती कुठून जाईल हे पाण्याची पातळी ठरवते आणि तिच्यावर किती वेळ राहता येईल हे एसटीचे वेळापत्रक ठरवते.

पाणथळीतल्या पायवाटा म्हटले की चिल्का किंवा पुलिकतसारखी खारकच्छे (समुद्रकाठची खाऱ्या पाण्याची सरोवरे) आणि कोकणातली खाजणे आठवतात. खानदेशाला समुद्र नाही. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी, ७२४ किमी. लांबीची तापी खानदेश आडवा ओलांडून सुरतेजवळ खंबातच्या आखातात उतरते, एवढेच या मुलखाचे समुद्राशी नाते. मात्र भरती-ओहोटी इथेही आहे, फक्त तिचा फेरा वर्षाचा असतो. जून ते सप्टेंबर पाणी चढते आणि पुढचे सात-आठ महिने पाट, पाणीपुरवठा योजना, काठावरच्या पाणी उपसणाऱ्या मोटारी आणि ऊन मिळून ते उतरवत नेतात. किनाऱ्यावरच्या फिरस्त्याला दिवसातून दोनदा जे पाहावे लागते, ते इथे पंधरवड्याने पाहिले तरी चालते. म्हणून एका हंगामातली वाट दुसऱ्या हंगामात जशीच्या तशी सापडेल अशी अपेक्षा धरू नये.

पाणथळ कशाला म्हणावे : इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा हंगामी, दलदल आणि उथळ पाणी हे सारे पाणथळीत मोडते. समुद्राचे पाणीसुद्धा ओहोटीच्या वेळी सहा मीटर खोलीपर्यंत तीत येते. भारत या करारात १९८२ साली सामील झाला. परंतु भारताच्या २०१७ च्या पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी नद्यांची पात्रे, भातखाचरे आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येबाहेर ठेवले आहेत. खानदेशाच्या दृष्टीने ही वगळणूक फार मोठी आहे. इथली पक्ष्यांनी गजबजलेली बहुतेक पाणी धरणांची किंवा बंधाऱ्यांची आहेत. म्हणजे पक्ष्यांच्या लेखी ती पाणथळ आणि नियमांच्या लेखी नव्हे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील नांदूरमधमेश्वर हा महाराष्ट्रातला पहिला रामसर दर्जाचा पाणवठा. तोही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालेला आहे, हे या संदर्भात विसरता येत नाही.

उतरते पाणी आणि पक्षी : भरलेले धरण पाहायला देखणे असले तरी पक्ष्यांसाठी ते बरेचसे रिकामे असते. खोल पाण्यात पाणकावळे आणि काही बुडी मारणारी बदके सोडली तर फारसे कोणी उतरत नाही. दिवाळीनंतर काठ उघडा पडू लागतो. ओल्या गाळावर टिटव्या आणि तुतारी जातीचे छोटे पक्षी येतात. घोटाभर पाण्यात लाल पायांचे शेकाटे आणि अवाक चालतात. गुडघाभर पाण्यात चित्रबलाक उभे राहतात. त्यापुढे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, हळदी-कुंकू बदक आणि वारकरी यांचे थवे असतात. हळदी-कुंकू बदक बारमाही इथलेच. चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदक हिवाळी पाहुणे. पानकणीस आणि बेशरमाची झुडपे वाढलेल्या कोपऱ्यांत जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी सापडतात. नवखे फिरस्ते धरणाच्या भिंतीवर उभे राहून दुर्बीण लावतात आणि निराश होतात. पाहण्यासारखे जे असते ते भिंतीपासून दूर, फुगवट्याच्या उथळ शेपटीकडे असते.

याच उघड्या काठावर गाळपेर होते. पाणी मागे सरेल तशी शेतकरी ती जमीन पेरत पुढे सरकतात. नदीपात्रात टरबूज-डांगराच्या वाड्या लागतात. अशा पेऱ्यातून चालत जाणे हा खानदेशात वाद ओढवून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पाण्याच्या अगदी कडेने किंवा गुरांच्या वाटेने जावे. मोटारींच्या पाइपांवरून उड्या मारत जावे लागते, त्याला इलाज नाही.

हतनूर व चांगदेव : खानदेशातील सर्वांत महत्त्वाची पाणथळ. पूर्णा चांगदेव येथे तापीला मिळते. त्या संगमाच्या खालच्या अंगाला भुसावळ तालुक्यात हतनूरचे धरण आहे. त्याला ४१ दरवाजे असून पावसाळ्यात 'हतनूरचे दरवाजे उघडले' ही बातमी जळगावकरांना पाठ असते. दोन्ही नद्यांनी आणलेल्या गाळाने जलाशय बराच उथळ झाला आहे. पाणी साठवण्याच्या हिशेबाने ही मोठी हानी. त्याच गाळाने बदके आणि करकोचे यांना मैलोगणिक चराऊ काठ मिळवून दिला, ही तिची दुसरी बाजू. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत हतनूरचा समावेश आहे. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेच्या सुमारास इथे दुर्बिणी घेतलेली माणसे हमखास भेटतात.

चांगदेवाचे दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून ते संगमाजवळच आहे. मुक्ताईनगर (जुने नाव एदलाबाद), कोथळी आणि मेहूण हा मुक्ताबाईच्या स्मृतीचा परिसरही याच पाण्याच्या आसपासचा. महाशिवरात्रीच्या यात्रेला एसटी जादा गाड्या सोडते. फिरस्त्याला त्या सोयीच्या वाटतात, पण त्या दिवसांत काठावर माणसांची एवढी वर्दळ असते की पक्षी पात्राच्या मध्यावर सरकतात. यात्रेला जायचे तर यात्रेसाठी जावे.

तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, म्हणून तिचे काठ उत्तर आणि दक्षिण असे पडतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिण काठाने चालणाऱ्याच्या पाठीवर ऊन आणि पुढ्यात उजळलेले पक्षी असतात. उत्तर काठावर दिवसभर डोळे बारीक करून काळ्या आकृत्या ओळखाव्या लागतात. भुसावळ–वरणगाव–मुक्ताईनगर हा वर्दळीचा बसमार्ग नदीच्या दक्षिणेकडून जातो, ही योगायोगाची सोय आहे.

एसटी : महाराष्ट्रातील एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. खानदेशात तिचे काम जळगाव आणि धुळे या दोन विभागांतून चालते. नंदुरबार जिल्ह्यातील आगारे धुळे विभागाकडेच आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. जोडीने किंवा घरच्यांबरोबर फिरणाऱ्यांच्या खर्चात याने लक्षणीय फरक पडतो.

काठाला जाण्यासाठी साधी गाडी धरावी. जलद आणि निमआराम गाड्या प्रत्येक फाट्यावर थांबत नाहीत. आत खेड्यात शेवट असलेली गाडी मिळाली नाही, तर हमरस्त्यावरच्या फाट्यावर उतरून पुढे दोन-तीन किलोमीटर चालणे किंवा काळी-पिवळी पाहणे हा रिवाज आहे. खरी अडचण पहाटेची. खेड्यातली मुक्कामी गाडी रात्री तिथे राहते आणि उजाडता उजाडता शहराकडे निघते. पक्षी पाहणाऱ्याला त्याच वेळी उलट दिशेने जायचे असते. तालुक्याहून निघालेली पहिली गाडी काठाजवळ पोचेपर्यंत ऊन वर आलेले असते. शाळकरी मुलींसाठी धावणाऱ्या मानव विकास योजनेच्या गाड्या शाळेच्या दिवशीच असतात, आणि शहरातला फिरस्ता नेमका रविवारी निघतो. मधला वार पकडता आला, त्यातही वाटेवरच्या गावचा बाजार असला, तर गाड्यांची चणचण निम्म्याने कमी होते. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे जाताना कंडक्टरला विचारून घ्यावे. फलकावरच्या वेळेपेक्षा त्याचे उत्तर जास्त खरे निघते.

असे असूनही स्वतःच्या मोटारसायकलपेक्षा एसटी बरी, असे म्हणण्यास एक भक्कम कारण आहे. गाडी उभी केलेल्या जागी परतावे लागत नाही. एका फाट्यावर उतरून फुगवट्याच्या कडेने चालत जावे आणि दुसऱ्या फाट्यावर हात दाखवावा. लांबट जलाशयाचा काठ असाच पाहण्याजोगा असतो.

पश्चिमेकडील पाणी : शहादा–नंदुरबार रस्त्यावरील प्रकाशे येथे तापीला गोमाई मिळते. दक्षिण काशी म्हणून ख्यात असलेल्या या गावाजवळ बॅरेज (दरवाजे असलेला बंधारा) आहे. शहादा–दोंडाईचा मार्गावरील सारंगखेड्यालाही तसेच बॅरेज आहे. दोन्हीकडे एसटी नदीवरच्या पुलावरून जाते, त्यामुळे पाणी किती आणि थवे कुठे याचा अंदाज खिडकीतूनच येतो. डिसेंबरच्या सुमारास दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. त्या गर्दीत बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ. नवापूर तालुक्याच्या बाजूला गुजरातमधील उकाई धरणाचा फुगवटा आला आहे. तिथले काठ एकाकी असून गाड्या विरळ आहेत.

लहान तळी सोपी आहेत. जळगावचा मेहरूण तलाव शहरातच आहे. बोरांसाठी नावाजलेल्या या परिसरात आता सकाळी फिरायला येणाऱ्यांचीच गर्दी अधिक असते. धुळ्याचा नकाणे तलाव शहराला पाणी पुरवतो. एरंडोलपासून सुमारे १० किमी.वरील पद्मालय येथे गणपतीच्या देवळापुढे कमळांनी भरलेले तळे आहे. शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचा परिसर अभयारण्य असल्याने तिथे वनखात्याचे नियम लागू होतात.

तोरणमाळचा यशवंत तलाव या सर्वांहून वेगळा. तो सातपुड्याच्या माथ्यावर आहे. शहाद्याहून जाणारी एसटी सातपायरीचा घाट चढून तिथे पोचते. याच टापूत, शहाद्याजवळच्या जंगलात, १९९७ साली रानपिंगळा हे दुर्मीळ लहान घुबड ११३ वर्षांनी पुन्हा आढळले. तेव्हापासून दूरदूरचे पक्षिनिरीक्षक तोरणमाळला येतात ते त्या पिंगळ्यासाठी. तलावाकडे त्यांची पाठच असते. तलावाला फेरी मारण्यास फार वेळ लागत नाही.

काळ व धोके : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. मार्चपासून जळगाव-भुसावळचे ऊन अंगावर येते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी चिकटते की पाऊल उचलत नाही. शिवाय पाणी चढते असते. सर्वांत फसवा असतो तो नुकताच उघडा पडलेला गाळ. वरची पापडी सुकून तडकलेली दिसते आणि खाली मांडीपर्यंत चिखल असतो. जिथे गुरांच्या खुरांचे ठसे नाहीत तिथे पाऊल टाकू नये. काठच्या गवतात घोणस असते, म्हणून पायात उंच बूट आणि हातात काठी हवी. धरणाच्या किंवा बॅरेजच्या खालच्या पात्रात उतरण्यापूर्वी पाणी सोडणार आहेत का, याची गावात चौकशी करावी. वरच्या भागात पाऊस झाला तर खाली आभाळ कोरडे असतानाही पात्र भरते.