चांगले करण्याचा कंटाळा नको : खान्देशातील एका जुन्या उपदेशाची पार्श्वभूमी

नवापूरपासून भुसावळपर्यंतच्या मराठी, अहिराणी, मावची किंवा भिलोरी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये खरिपाचे धान्य घरात आले की कापणीच्या सणाचे वेध लागतात. त्या उपासनेत बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील एक वाक्य हमखास वाचले जाते : ‘चांगले करण्याचा आपण कंटाळा करू नये, कारण आपण न खचलो तर यथाकाळी आपल्या पदरी पीक पडेल.’ हेच वाक्य कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर आणि दवाखान्याच्या भिंतीवरही दिसते. मात्र ते नेहमी मागच्या-पुढच्या वाक्यांपासून सोडवून घेतले जाते, आणि त्यामुळे थकलेल्या माणसाला धीर देणारे सुवचन एवढीच त्याची ओळख उरते. प्रत्यक्षात या वाक्याच्या मागे दुष्काळ आहे, वर्गणी आहे आणि धान्य कोणाच्या पदरात घालायचे याविषयीचा वाद आहे. खान्देशात तर हा वाद आजही मिटलेला नाही, म्हणून त्याची पार्श्वभूमी मांडणे गरजेचे वाटते.

ख्रिस्ती प्रेषित पौलाने हे पत्र आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागात असलेल्या गलतिया प्रांतातील मंडळ्यांना इ.स. ५० च्या आसपास लिहिले. रोमन सम्राट क्लौद्याच्या काळात पडलेल्या दुष्काळात अंत्युखियातील विश्वासणाऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांना मदत पाठवली, याची नोंद बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. पुढे यरुशलेममधील गरिबांसाठी पौलाने मोठी वर्गणी उभी केली आणि ती कशी जमवावी याचा नियम त्याने गलतियातील मंडळ्यांनाही घालून दिला होता. गोरगरिबांची आठवण ठेवण्याचे वचन आपण दिले होते, असे तो याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो. तेव्हा पेरणी आणि पीक हे शब्द लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर उपाशी माणसे आणि त्यांच्यासाठी बाजूला काढलेला पैसा होता, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. त्याही आधी मोशेच्या नियमशास्त्राने शेताचे कोपरे कापू नयेत आणि कापणीनंतर मागे पडलेला सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, असे बजावले होते. ज्वारीची कणसे किंवा भुईमुगाच्या शेंगा वेचायला मागाहून येणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या खान्देशी वाचकाला सरवा समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच गलतियाचा तीनशे वर्षांनंतरचा एक प्रसंग येथे नोंदवला पाहिजे. ख्रिस्ती श्रद्धा सोडून जुन्या देवदेवतांकडे परतलेल्या एका रोमन सम्राटाच्या नावावर इ.स. ३६२ चे एक पत्र आहे. गलतियाच्या प्रमुख पुजाऱ्याला लिहिलेल्या त्या पत्रात तो अशी खंत व्यक्त करतो की, हे ख्रिस्ती लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, शिवाय आमच्याही गरिबांना पोसतात. मग तो त्या प्रांतासाठी दरवर्षी तीस हजार मोदी (धान्य मोजण्याचे रोमन माप) धान्य मंजूर करतो आणि पाचवा हिस्सा पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांना देऊन उरलेले सगळे परक्यांना व भिकाऱ्यांना वाटण्यास सांगतो. जी माणसे आपली नाहीत त्यांनाही हे लोक भाकर देतात, ही साक्ष विरोधकाची असल्यामुळे तिचे मोल अधिक आहे.

खान्देशात या उपदेशाला मुळे फुटली ती १८९९-१९०० च्या दुष्काळात. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून ज्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात, त्याने गुजरातपासून तापीखोऱ्यापर्यंतचा सारा मुलूख होरपळून काढला. सरकारी कामांवर खडी फोडून मजुरी मिळत असे, पण लहान मुले, म्हातारे आणि आजारी यांचे तेथेही भागत नव्हते. पश्चिम भारतातील मिशनांनी याच काळात अनाथ मुलांना आश्रय दिला, धान्य वाटले आणि औषधे दिली. पुढे १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खान्देशात नंदुरबार-नवापूर भागात त्याच दशकात आलेल्या परदेशी मिशनऱ्यांचे काम प्रामुख्याने भिल्ल, मावची आणि कोकणा वस्त्यांमध्ये वाढले, तर पूर्व खान्देशात भुसावळसारख्या रेल्वेच्या गावांभोवती दुसऱ्या एका मिशनचे काम चालू होते. १९४० च्या दशकात चिंचपाड्याला सुरू झालेले रुग्णालय हे या कामाचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणावे लागेल. तेथे येणारा बहुसंख्य रुग्ण ख्रिस्ती नव्हता आणि आजही नसतो.

खरा पेच येथूनच सुरू होतो. चांगले करावे हे कोणीच नाकारत नाही. ते कोणाचे करावे, आधी कोणाचे करावे आणि बदल्यात काही अपेक्षा ठेवावी काय, यावर मते दुभंगतात. पौलाचा तो परिच्छेद सलग वाचला तर त्यात तीन दावेदार एकापाठोपाठ उभे दिसतात. सहाव्या वचनात, ज्याला वचनाचे शिक्षण मिळते त्याने शिक्षण देणाऱ्याला आपल्या चांगल्या वस्तूंत वाटा द्यावा, असे म्हटले आहे. दहाव्या वचनात, प्रसंग मिळेल त्याप्रमाणे सर्वांचे बरे करावे, असे सांगितले आहे. त्याच वाक्याच्या पुढच्या भागात, विशेषतः विश्वासाने एका घराण्यात आलेल्यांचे करावे, अशी पुस्ती जोडली आहे. पाळक (म्हणजे मंडळीचा धर्मगुरू), घराणे आणि सर्व जण या तिघांनाही एकाच टोपलीतून द्यायचे असेल, तर टोपली आधी कोणापुढे धरायची याचा निर्णय प्रत्येक पिढीला करावा लागतो.

दुष्काळाच्या काळात हा निर्णय बाप्तिस्म्याशी जोडला गेला. धान्य घ्यायला आलेला माणूस बाप्तिस्मा मागू लागला तर तो द्यावा काय, हा प्रश्न देशभर विचारला जात होता. आंध्रातील ओंगोल येथे १८७६-७८ च्या दुष्काळात एका मिशनने मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवून धरले होते. दुष्काळ ओसरून मदत संपल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवशी तेथे २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. या आकड्याचा अभिमानाने उल्लेख होतो, पण माझ्या मते त्याआधीचे थांबणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण भाकर हातात असताना अट घालायची नाही हे पथ्य तेथे पाळले गेले. हे पथ्य सर्वत्र तितक्याच काटेकोरपणे पाळले गेले नाही, आणि आश्रमात वाढलेली अनाथ मुले तर त्याच श्रद्धेत लहानाची मोठी झाली. ‘धान्यासाठी झालेले ख्रिस्ती’ हा टोमणा त्यातूनच जन्मला आणि खान्देशातील चौथ्या-पाचव्या पिढीलाही तो ऐकावा लागतो. हा टोमणा अन्यायकारक आहे, कारण धान्य संपल्यानंतरही शंभर वर्षे टिकलेली श्रद्धा धान्यापुरती होती असे म्हणता येत नाही. तरीही तो कोठून आला हे मंडळ्यांनी विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला कायद्याची बाजू आली. शहाद्याहून थोडे पुढे गेले की खेतियाला मध्य प्रदेश लागतो, आणि त्या राज्याने १९६८ मध्ये बळजबरीने, फसवून किंवा प्रलोभन दाखवून केलेल्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरवताना, धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा दिला. २०२१ मध्ये तेथे अधिक कडक कायदा आला. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक असलेल्या वस्त्यांत या कायद्याची चर्चा घरोघरी होते, आणि तिचा परिणाम असा झाला की सर्वांचे बरे करणे हीच अवघड गोष्ट होऊन बसली. परक्या घरात आजाऱ्याला पाहायला जाताना फळे न्यावीत की न न्यावीत, पूर आल्यावर वाटलेल्या चादरींचे फोटो काढावेत की नाही, प्रार्थना आधी करावी की मदत आधी द्यावी, असे प्रश्न पंचांच्या बैठकीत गांभीर्याने चर्चिले जातात. सावधगिरी म्हणून काही मंडळ्यांनी आपले दान मंडळीच्याच विधवा, अनाथ आणि विद्यार्थ्यांपुरते राखले आहे. त्यांची भीती निराधार नाही. तथापि वाक्याचा पहिला भाग सोडून पुस्तीच धरून बसल्यासारखे ते होते, असे नमूद केल्यावाचून राहवत नाही. पौलाने ‘विशेषतः’ म्हणताना ‘सर्वांचे’ रद्द केलेले नाही.

तिसरा दावेदार म्हणजे पाळक, आणि त्याची गोष्ट पैशाशी निगडित आहे. परदेशी मिशनरी असेपर्यंत पाळकांच्या, शाळामास्तरांच्या आणि परिचारिकांच्या पगाराचा मोठा भार बाहेरून येणाऱ्या निधीवर होता. मिशनरी हळूहळू परतले, निधी आटला आणि तो भार शेतकरी व मजूर कुटुंबांवर आला. विदेशी निधीसंबंधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसरीला देण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर उतरली, तेव्हा उरलासुरला आधारही कमी झाला. अशा स्थितीत कापणीचा सण हा अनेक खेड्यांतील मंडळीच्या उत्पन्नाचा मुख्य दिवस ठरला, यात नवल नाही.

सणाचे आजचे रूप मात्र प्राचीन नाही. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातल्या एका खेड्यात १८४३ मध्ये तेथील धर्मगुरूने कापणीची खास उपासना सुरू केली आणि ती प्रथा मिशनऱ्यांच्या जगभर पसरली, असे साधारणपणे मानले जाते. खान्देशात तिने इथलेच रंग घेतले. उपासनेनंतर अंगणात ताडपत्री अंथरली जाते. तिच्यावर भाताची पोती, तुरीच्या ओल्या शेंगा, डांगर, दुधी, नंदुरबारकडच्या लाल मिरचीची टोपली आणि पाय बांधलेली एखादी गावरान कोंबडी मांडली जाते, आणि मग लिलाव पुकारला जातो. कोणीतरी म्हातारीने आणलेले एकच अंडे बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीने जाते. घेणारा ते परत ताडपत्रीवर ठेवतो, आणि तेच अंडे पुन्हा पुकारले जाते. त्या म्हातारीचे दान असे दोनदा-तीनदा मोजले जाते, याचे तिला आणि साऱ्या मंडळीला खरोखर अप्रूप असते.

परंतु लिलाव झाला की धान्याचे पैसे होतात, आणि पैसे वहीत शिरले की पगार, वीजबिल व बांधकाम यांच्या रांगेत गरिबाचा क्रमांक शेवटी लागतो. म्हणून काही जुन्या माणसांचा आग्रह असतो की ज्वारी, बाजरी आणि तांदूळ लिलावात काढू नयेत, ते धान्य म्हणूनच वाटावेत. कापसाच्या पट्ट्यात हा आग्रह चालत नाही, कारण तेथे घरात येते ते धान्य नव्हे, व्यापाऱ्याची पावती असते. पूर्वी बियाणे घरच्या कणगीत राखले जाई; आता ते उधारीवर पाकिटात येते. पीक हाती आल्यावर पहिला वाटा कोणाचा, याचे उत्तर दुकानदाराने आधीच दिलेले असते.

या उपदेशाला अलीकडे आणखी एक वळण लागले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही प्रचारकांनी दानाला बी म्हणण्यास सुरुवात केली : जितके पेराल त्याच्या अनेकपट देव तुम्हाला परत देईल. दूरचित्रवाणी आणि मोबाइलच्या मार्गाने ही शिकवण सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचली. कर्जात बुडालेल्या माणसाला ती आशा वाटते, आणि तिचे खरे नुकसान तेथेच आहे. पौलाच्या वाक्यात पेरणारा दुसऱ्याचे बरे करतो. येथे तो स्वतःच्याच पिकासाठी पेरतो. शिवाय ‘न खचलो तर’ ही अट या शिकवणीत गळून पडते. मृग कोरडा गेल्यामुळे दुबार पेरणी करावी लागलेल्या शेतकऱ्याला त्या अटीचे वजन कळते. बी मातीत गेले म्हणजे पीक आलेच, असे त्याला कोणी पटवू शकत नाही, आणि तरीही तो दुसऱ्यांदा पाभर जुंपतो. ‘यथाकाळी’ हा काळ आपल्या हातचा नाही, हे वचन ऐकण्याआधीच त्याला ठाऊक असते.

‘सर्वांचे’ हा भाग अगदीच मागे पडला, असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) वाटली गेली, आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ख्रिस्ती संस्थाही त्या वाटपात उतरल्या होत्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर गुजरातेतून पायी परतणारे मजूर सुरत-धुळे महामार्गावर आले. तेव्हा ज्या गावकऱ्यांनी रस्त्याकडेला पाणी आणि भाकरी ठेवल्या त्यांत सर्व धर्मांचे लोक होते, आणि कोणी कोणाला धर्म विचारला नाही. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचे हाल मात्र टाळेबंदीपुरते नव्हते. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगाव आणि नवापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर म्हातारे आणि लहान मुलेच मागे उरतात. कापणीचा सणही नेमका त्याच सुमारास येतो.

त्यामुळे काही मंडळ्यांत आता धान्याचे दोन ढीग करण्याची सूचना पुढे आली आहे : एक लिलावासाठी आणि दुसरा पाड्यावर मागे राहिलेल्यांसाठी, मग ते उपासनेला येणारे असोत वा नसोत. दुसऱ्या ढिगातील धान्य मंडळीच्या नावाने न देता पाड्याच्या कारभाऱ्याच्या हाती सोपवावे, म्हणजे कोणाला संशयाला जागा राहणार नाही, असे सूचना मांडणारे म्हणतात. आपल्या दानावर आपले नावच नसेल तर ते कोणाच्या प्रीतीने दिले हे लोकांना कसे कळणार, असा विरोधकांचा सवाल आहे. पहिली बाजू मला अधिक पटते. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे ज्याने शिकवले त्याच्या नावाने दिलेल्या पोत्यावर शिक्का असलाच पाहिजे असे नाही. पण दुसऱ्या ढिगात किती धान्य घालावे, याबाबत दोन्ही बाजूंना अद्याप एकमत साधता आलेले नाही.