आइसलँडच्या हिमनद्या मागे का हटल्या?

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रेइदा आणि फ्यात्ल नावाच्या दोन शेतवस्त्या होत्या. पिढ्यानपिढ्या तिथे लोकांनी मेंढ्या पाळल्या आणि १७००च्या सुमारास दोन्ही वस्त्या बर्फाखाली गेल्या. वात्नायोकुल या अवाढव्य हिमटोपीतून उतरणारी ब्रेइदामेर्कुर हिमनदी पुढे पुढे सरकत होती. १८९०च्या सुमारास तिचे तोंड समुद्रापासून जेमतेम काहीशे मीटरवर आले होते. मग ती मागे फिरली. १९३०च्या दशकात तिच्यापुढे एक तळे साचू लागले. तेच आजचे योकुलसाउर्लोन, दोनशे मीटरहून खोल. त्यात तरंगणाऱ्या निळ्या हिमनगांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात.

‘हवामान काय, नेहमीच बदलत आले आहे,’ हे वाक्य हिमनद्यांचा विषय निघाला की हमखास ऐकू येते. ते खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबणे मला पटत नाही, कारण या नद्या वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारणांनी हलल्या आहेत.

हिमनदीचा व्यवहार जमाखर्चाचा असतो. हिवाळ्यात बर्फ जमा होतो, उन्हाळ्यात वितळून खर्च होतो. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात उणे तीस अंशांचे उणे अठ्ठावीस झाले तरी बर्फ पाघळत नाही. आइसलँडसारख्या उपध्रुवीय प्रदेशात समुद्र जवळ, हवा दमट, हिमवर्षाव भरपूर. पण हिमनद्यांतला बहुतेक बर्फ शून्य अंशावर, म्हणजे वितळण्याच्या उंबरठ्यावरच बसलेला असतो. उन्हाळा एका अंशाने तापला तरी खर्च झपाट्याने वाढतो. शरद ऋतूत बर्फाऐवजी पाऊस पडला, तर जमाही घटते. म्हणून या नद्या इतक्या हळव्या.

मध्ययुगाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या थंड काळाला ‘छोटे हिमयुग’ म्हणतात. मोठे ज्वालामुखी उद्रेक आणि सूर्याची मंदावलेली क्रिया ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. ते संपताना माघार सुरू झाली, आणि १९२०-३०च्या दशकांत उत्तर अटलांटिक एकाएकी तापल्यावर तिला वेग आला. त्याच सुमाराला, १९३० साली, हवामानशास्त्रज्ञ योन एयथोरसन यांनी हिमनद्यांची तोंडे नियमित मोजण्याची पद्धत सुरू केली. जमिनीवर एक पक्की खूण, तिथून बर्फाच्या कडेपर्यंत टेप, आणि दरवर्षी तोच आकडा वहीत. मोजणारे बहुतेक आसपासचे शेतकरी. या माणसांचे मला फार मोल वाटते. त्यांच्या वह्या नसत्या तर आज आपण अंदाजच बांधत बसलो असतो. १९३६मध्ये स्वीडनचे हिमनदीतज्ज्ञ हान्स अ‍ॅलमान आणि एयथोरसन यांनी मिळून वात्नायोकुलवर मोहीम काढली. बर्फ घटण्याचा संबंध तापत्या हवेशी आहे हे अ‍ॅलमान यांनी ठामपणे मांडले. मात्र त्यामागे माणसाचा हात आहे, असे ते मानत नव्हते.

मग १९६०च्या दशकात समुद्र पुन्हा गारठला. साधारण १९७० ते १९९५ या काळात आइसलँडच्या अनेक हिमनद्या थोड्या पुढेही सरकल्या. माणसामुळे हवामान बदलते यावर शंका घेणारे नेमकी हीच वर्षे धरून बसतात.

१९९५नंतरची माघार मात्र आधीच्या कुठल्याही माघारीसारखी नाही. १८९० ते २०१९ या काळात आइसलँडने जेवढा बर्फ गमावला, त्यातला जवळपास निम्मा शेवटच्या पंचवीस वर्षांत गेला. क्षेत्रफळ सुमारे २,२०० चौरस किलोमीटरने घटले, म्हणजे साडेतीन बृहन्मुंबई. जगभरच्या हिमनद्यांचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. १८५१ ते २०१० या पूर्ण काळातल्या घटीपैकी सुमारे पाव हिस्साच माणसाच्या खात्यावर पडत होता. १९९१ ते २०१० या वीस वर्षांत तोच हिस्सा दोनतृतीयांशाच्या पुढे गेला. या आकड्यांत अनिश्चितता मोठी आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

बर्फ एकदा घटू लागला की तो स्वतःच स्वतःची घट वाढवतो. पृष्ठभाग खचून खालच्या, उबदार हवेत येतो. पांढरा हिमथर लवकर गेला की खालचा मळका बर्फ उघडा पडून जास्त ऊन शोषतो. २०१०मध्ये एयाफ्यात्लायोकुलच्या उद्रेकाची राख बर्फावर पसरली आणि त्या उन्हाळ्यात विक्रमी बर्फ वितळला. गंमत अशी की राखेचा थर जाड असला तर तोच बर्फाला झाकून राखतो. सूलहेइमा हिमनदीवर काळ्या राखेचे शंकू उभे दिसतात. वरचा थर बोटाने खरवडला की आत स्वच्छ बर्फ.

पश्चिमेकडच्या ओक पर्वतावरची हिमनदी इतकी पातळ झाली की स्वतःच्या वजनाने सरकणेही तिला जमेना. २०१४ साली हिमनदीतज्ज्ञ ओद्दुर सिगुर्दसन यांनी तिला मृत ठरवले. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिथे बसवलेल्या पाटीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे तेव्हाचे प्रमाण कोरले आहे: ४१५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४१५ भाग.

हा विषय आपल्यापासून तितकासा लांब नाही. गोव्यात वास्कोला असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८पासून चालवते, आणि तिथले भारतीय शास्त्रज्ञ जवळच्या हिमनद्यांचा असाच जमाखर्च मांडतात. सूलहेइमापाशी २०१०पासून दर शरद ऋतूत जवळच्या शाळेतली मुले मोजायला येतात. खुणेपासून बर्फापर्यंत आता टेप सरळ नेता येत नाही. मधे तळे आले आहे.