४५ अंशांच्या उन्हात जुनी फियाट आणि रेडिएटरचं झाकण

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि तो आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तरी ज्यांच्या अंगणात अजून अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी उभी आहे, त्यांनी त्या आकड्याला अगदीच हसू नये. खातं पारा मोजतं तो सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर. गाडी हवा ओढते ती तापल्या डांबरावरची. पेपरात ४५ छापून येतात, तेव्हा रेडिएटरच्या जाळीपुढे ५० धरायला हरकत नाही.

आता हिशोब करू. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याला रेडिएटरमधून बाहेर टाकावा लागतो. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाण्याच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९९ अंशांना उकळतं. जानेवारीच्या दुपारी हवा २८ अंश असेल तर फरक ७१ चा मिळतो. मे महिन्यात, जाळीपुढे ५० धरले तर, उरतो ४९. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता जवळजवळ एक तृतीयांशाने घटली.

मग पाण्यालाच अधिक तापू दिलं तर? झाकणाची सगळी गंमत यात आहे. साठच्या दशकातल्या कित्येक गाड्यांना ७ पौंडांचं झाकण असे (टायरची हवा मोजतात तेच पौंड). कुकरच्या शिट्टीसारखी त्याची स्प्रिंग तेवढा दाब धरून ठेवते आणि उत्कलनबिंदू ११० च्या आसपास जातो. फरक पुन्हा ६०. म्हणजे एका रबरी वॉशरच्या जोरावर उष्णता टाकण्याची क्षमता सुमारे २२ टक्के वाढली! वॉशर कडक झाला की ती गुपचूप निघून जाते. मालक मात्र उन्हाला नाहीतर पेट्रोलमधल्या भेसळीला दोष देत बसतो.

खरी बहार सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, आहे. जळका वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अवतीभवती धातू इतका तापलेला असतो की सुस्थितीतल्या गाडीतही तिथलं पाणी उकळतच असतं. बारीक बुडबुडे उठतात, प्रवाहात सुटतात आणि जरा थंड पाण्यात विरून जातात. हे चांगलंच आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, त्याची वाफ करायला सुमारे २२५०. बुडबुडा तेवढी उष्णता धातूपासून उचलून नेतो. पण दाब कमी पडला की बुडबुडे विरण्याआधीच एकमेकांत मिसळतात आणि धातूवर वाफेचा सलग पडदा धरतो. वाफ उष्णतेची वाईट वाहक. मग त्या एका जागी धातू भडकतो, हेड वाकतं, त्याखालचं सांधा बंद ठेवणारं गॅस्केट उडतं. पाणी कमी होऊन सेन्सर वाफेत उघडा पडला असेल तर तापमानाचा काटा उलट खालीही येऊ शकतो.

गरम गाडीचं झाकण उघडू नये तेही याचमुळे. दाब सुटताच ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. जास्त पौंडांचं आधुनिक झाकण मात्र लावू नका. जुन्या पितळी रेडिएटरचे डाग दिलेले सांधे सुटतात.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, उन्हाळ्यात काय कामाचा’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप. काही इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परत येतो. बिघडला असेल तर बदला.

बोअरचं पाणी भरणं हे त्याहून वाईट. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे क्षाराचा थर नेमका सर्वांत तापलेल्या जागी बसतो. एक मिलिमीटर थर उष्णतेला कित्येक मिलिमीटर बिडाइतका अडवतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात तिसरा हिस्सा कूलंट. कूलंटच्या बाटलीवर बर्फाचे डोंगर छापलेले असले तरी आतलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमीच उष्णता वाहतं. नागपुरात ते हवं गंज रोखायला आणि उत्कलनबिंदू थोडा चढवायला.

आणि नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणीत गेल्यावरचे ते नऊ तापते दिवस? सूर्य रोहिणीत गेला म्हणून गाडी उकळत नाही. २६ मेच्या सुमारास तो आपल्या नेमका डोक्यावर येतो, पाऊस अजून लांब असतो, जमीन कोरडी असते. नक्षत्रप्रवेशाची तारीख तर पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे दर ७० वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. डोक्यावरचा सूर्य आपली तारीख सोडत नाही.

तेव्हा मे उजाडण्याआधी झाकण गॅरेजमध्ये हातपंपावर तपासून घ्या. ७ च्या झाकणाने ४ लाच हवा सोडली, तर नवं घ्या. फॅन बेल्टही बोटाने दाबून पाहा. या गाड्यांचा पंखा इंजिनच्याच वेगाशी बांधलेला, त्यामुळे सीताबर्डीच्या सिग्नलवर तो आधीच संथ असतो. त्यात बेल्ट घसरला तर झाकणाने मिळवून दिलेले ११ अंश तिथेच संपतात.